वेल्लोरच्या चुका सुधारणारे सेतुमाधवराव

सेतुमाधवराव वेल्लोरचं बंड रोज जिंकत. सकाळी सहा ते दुपारी दोन, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या पंपांच्या कारखान्याच्या गेटवर.

बंड १८०६ सालचं. इंग्रजांच्या पलटणीतल्या देशी शिपायांनी वेल्लोरच्या किल्ल्यात केलेलं. ते हरलं, हे सेतुमाधवरावांना मान्य होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की ते हरायला नको होतं. पाच साध्या चुका टाळल्या असत्या तर पुरलं असतं.

मी त्या कारखान्यात पंपांची माहितीपुस्तकं लिहायचे. साहित्यात एम. ए. झाल्यावर मला मिळालेलं हे पहिलं काम. 'सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी भरा' हे वाक्य मी इतक्या प्रकारांनी लिहिलं आहे की त्यावर प्रबंध होईल. पहिल्या दिवशी गेटवर एका म्हाताऱ्या वॉचमनने माझं ओळखपत्र हातात घेतलं. नाव वाचलं. आडनाव वाचलं. मग तमिळ बाजूला ठेवून म्हणाला, "मराठी काय तुम्ही? मग हें आधीं सांगावें कीं."

मी बघतच राहिले. आमचे बाबा बँकेच्या बदलीवर चेन्नईत आले, म्हणून मी इथे. सेतुमाधवरावांचे पूर्वज तंजावरच्या मराठ्यांबरोबर आले होते. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला उतरलं आणि नंतर कुणी त्याला परत न्यायला आलं नाही. त्यात 'जाहलें' होतं, 'कीं' होतं, आणि मधे मधे 'बरं' म्हणायला तमिळ 'सरी' होतं. माझं मराठी ऐकून ते म्हणत, "ठीक आहे. पण तुम्ही फार घाईनें बोलतां."

मी त्यांना मामा म्हणू लागले. ते माझ्या नावाला तमिळ लाडाचं 'मा' जोडून मला ऊर्मीमा म्हणत.

माणूस दिसायला ठसठशीत. वय बासष्ट. कपाळावर गोपीचंदन, मधोमध अंगाऱ्याची काळी रेघ, खाली अक्षता म्हणतात त्या लेपाचा लाल ठिपका. मिशी पांढरी, दोन्ही टोकं आभाळाकडे. ते पंधरा वर्षं लष्करात होते, असं सांगत. कुठल्या पलटणीत, ते सांगत नसत. ते हेमावतीमामींनी सांगितलं.

"रसद खात्यांत होते," मामी म्हणाल्या. "पंधरा वर्षं बटाटे पोंचवले."

"बटाट्यावांचून सैन्य चालून दाखवावें," मामा म्हणाले.

त्यांचा जन्म वेल्लोरचा. वडील किल्ल्यातल्याच एका सरकारी कचेरीत कारकून. मामा लहानपणी तटावर खेळले. आपण जिथे विटी टोलवतो तिथे माणसं मेली, हे त्यांना शाळेत गेल्यावर कळलं. आणि का मेली, तर टोपीवरून. साहेबाने हुकूम काढला होता: शिपायांनी कपाळावर गंध लावू नये, दाढी राखू नये, मिशी ठरल्या मापाची ठेवावी, आणि पागोटं सोडून चामड्याचा तुरा असलेली नवी टोपी घालावी. ज्यांनी नाही म्हटलं त्यांना फटके बसले. मग १० जुलैच्या पहाटे शिपाई उठले. तासाभरात किल्ला त्यांचा होता. दुपारपर्यंत नव्हता.

"दुपारपर्यंतही कशाला?" मामा म्हणत. "दहा वाजतां संपलें. चहाच्या आधीं."

२००६ च्या मार्चमध्ये, एका रविवारी, त्यांनी मला वेल्लोरला नेलं. बंडाला दोनशे वर्षं होणार होती. कोयंबेडूहून बस पकडली. वाटेत त्यांनी बोटांवर चुका मोजल्या. करंगळी: बातमी फुटली, एकाने साहेबाला आधीच जाऊन सांगितलं होतं. अनामिका: आदल्या दिवशी किल्ल्यात, तिथे नजरकैदेत ठेवलेल्या राजघराण्यातलं लग्न होतं. मधलं बोट: ज्या राजपुत्रांच्या नावाने झेंडा चढवला ते खोलीतून बाहेरच आले नाहीत. तर्जनी: जिंकल्या जिंकल्या शिपाई लुटीला पांगले.

"लग्नाचा काय संबंध, मामा?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं तुम्ही कधी युद्ध केलें आहे? जेवणच अंगावर येतें."

अंगठा त्यांनी राखून ठेवला. खंदकावरचा पूल ओलांडून आम्ही दरवाजात आलो, तेव्हा तो वर केला.

"दार," ते म्हणाले. "सगळा किल्ला घेतला, आणि दार नीट लावलें नाहीं. त्यावर पहारा नाहीं. सोळा मैलांवर आर्काट. तिथून साहेबाचे घोडेस्वार आले आणि ह्या दारानें आंत शिरले. ऊर्मीमा, मी तीस वर्षं विचार करतों आहें. दार लावायला दोन माणसें पुरतात."

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी कमानीखाली उभं राहून हवेतली दोन दारं दोन्ही हातांनी धरली. ओढली. अडसर घातला. तेवढ्यात एक कुटुंब आत यायला निघालं होतं. बाई, बुवा, दोन मुली. ते मामांसमोर थांबले. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. अडसर काढला, दार उघडलं, टाचा जुळवल्या आणि सलाम केला. कुटुंब आत गेलं.

तेव्हा मला हसू आलं होतं. याचा पुढे संबंध येईल असं वाटलं नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचं परिपत्रक आलं. एजन्सीचे विभागप्रमुख गिरिधर सर. तरुण, व्यवस्थित, सतत घाईत. त्यांना एका परदेशी कंपनीचं मोठं काम मिळायच्या बेतात होतं, आणि त्या कंपनीची माणसं आधी आपले वॉचमन पाहायला येणार होती. म्हणून ठरलं: सोमवार, १० जुलैपासून सर्व रक्षकांनी एजन्सीची नवी टोपी घालावी. कपाळावर कोणतीही खूण नसावी. मिशी ओठाच्या कडेबाहेर जाऊ नये. स्त्री-रक्षकांनी केसांत फुलं माळू नयेत.

सोबत नमुन्याची टोपी होती. निळी, पुढे चोच, चोचीवर काळ्या चामड्याचा गोल तुकडा आणि त्यावर गरुड.

मामांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. चामड्याचा वास घेतला. मग परिपत्रकावरची तारीख पाहिली.

"दहा जुलै," ते म्हणाले. "हें ह्यांस कोणीं सांगितलें?"

"कुणी नाही मामा. सोमवार आहे म्हणून."

"चामडें. गंध. मिशी. दहा जुलै." त्यांचे डोळे चमकले. मला त्यांची काळजी वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला फार मजा वाटली.

संध्याकाळी सैदापेटला त्यांच्या घरी गेले. मामी पडवळ चिरत होत्या. त्यांनी मला समोर बसवलं.

"तुम्ही शिकलेल्या आहांत. ह्यांस सांगा. नोकरी गेली तर हे घरीं बसतील."

"मग काय होईल?"

"मग मला नोकरी शोधावी लागेल. ह्या घरांत हे दिवसभर आणि मी दिवसभर, असें चाळीस वर्षांत जाहलें नाहीं."

"गंध पुसूं काय मग?" मामांनी विचारलं.

मामी पडवळाचा तुकडा हातात धरून बसल्या. "तसें मी म्हणालें काय?" त्या हळूच बोलल्या. "गंधही राहावें. नोकरीही राहावी. एवढेंच करा."

मामांना हे फार सोपं वाटलं.

तीन पाळ्यांचे मिळून अकरा जण. दहा पुरुष आणि धनलक्ष्मी. धनलक्ष्मी कामगार बायकांची झडती घेई आणि रोज हातभर मोगरा माळून येई. मामांनी गेटच्या रजिस्टरमागे योजना लिहिली. सोमवारी सात वाजता गिरिधर सर टोप्या वाटायला येणार. कामगार आठला येतात. म्हणजे एक तास. सहा वाजताच पुढचं गेट कुलूपबंद करायचं. मागच्या गेटवर चार जण. टोप्यांची खोकी शनिवारीच येऊन पडली होती, त्यांवर धनलक्ष्मी. सर आले की गेटखालून निवेदन सरकवायचं. सही झाली की गेट उघडायचं. कुणाला धक्का लावायचा नाही, कामगारांचा खाडा करायचा नाही.

निवेदन मी लिहिलं. पंपांनंतर माणसांविषयी लिहायला मिळालं म्हणून जरा जोरातच लिहिलं. मामांनी त्यातली तीन विशेषणं काढली.

"बंडाच्या कागदांत एवढीं फुलें नकोत," ते म्हणाले.

पाचही चुकांवर उपाय होता. पुढारी बाहेर यावा म्हणून अण्णा नगरच्या नारायणस्वामी वकिलांना विचारलं होतं. कामगारांच्या बाजूने लढणारे म्हणून त्यांचं नाव होतं. ते म्हणाले होते, "पावणेसातला मी गेटसमोर उभा असेन." लूट होऊ नये म्हणून मामांनी सगळ्यांकडून वचन घेतलं. लग्न कुणाच्या घरी नव्हतं, ते त्यांनी प्रत्येकाला विचारून घेतलं.

"आणि बातमी?" मी विचारलं.

"बातमी तुम्हांस ठाऊक आहे आणि आम्हां अकरा जणांस. आमच्यांतला कोणी सांगणार नाहीं."

शनिवारी दुपारी मी विद्यालक्ष्मी मॅडमना सगळं सांगितलं.

का सांगितलं, याची मी बरीच कारणं शोधली. मला मामींचा चेहरा दिसत होता, हे एक. मामांना कुणीतरी वेळेवर थांबवावं, हे दुसरं. विद्यालक्ष्मी मॅडम आमच्या कार्यालयाच्या व्यवस्थापक. त्यांनी चष्मा काढला.

"सेतुमाधव? बंड?"

"हो मॅडम. सोमवारी सातला."

"तो माणूस गेली वीस वर्षं बंडच करतो आहे, ऊर्मी. मला मागच्या दिवाळीत त्याने आर्काटचे घोडे मोजून दाखवले." त्यांनी चष्मा परत लावला. "तू त्या पंपाचं पान दहावं नीट बघ. बाणाची दिशा उलटी आहे."

मी परत आले. बाणाची दिशा खरंच उलटी होती.

सोमवारी मी साडेसहाला पोचले. गेटला कुलूप होतं. मामा आतल्या बाजूला उभे होते. गंध ताजं, मिशी पीळ भरलेली, कमरेला किल्ली. त्यांनी छोट्या दरवाजातून मला आत घेतलं आणि तो दरवाजाही लावला. स्वतः अडसर ओढून पाहिला. माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

मग एकेक गोष्ट होऊ लागली.

एन्नोरचा रविकांत भिंतीला टेकून झोपला होता. उभ्याने. त्याच्या शेजारचाही. आदल्या रात्री फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, पार पहाटेपर्यंत चाललेला. आमच्या उत्तर चेन्नईच्या पोरांना तो चुकवणं शक्यच नव्हतं. मामांनी लग्नाचं विचारलं होतं, फुटबॉलचं नव्हतं.

"मामा, त्याने त्याच्या छातीत डोकं मारलं," रविकांत डोळे न उघडता म्हणाला.

"कोणीं? कोणाच्या?"

"जाऊ दे मामा. तुम्हाला दुःख होईल."

पावणेसात झाले. वकील आले नाहीत. मामांनी त्यांना फोन लावला. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. गोड, भरदार आवाज.

"राव, तुम्ही सुरुवात करा. मी मनाने तिथेच आहे. जरा पुढे गेलं की मला फोन करा, मी निघतो."

मामांनी फोन खिशात ठेवला. "राजपुत्र खोलींत आहेत," ते मला म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. ओळख पटल्यासारखा चेहरा होता.

सातला पाच कमी असताना मी मागच्या गेटकडे नजर टाकली. तिथे कुणी नव्हतं. मागच्या गेटपासून वीस पावलांवर कारखान्याचं उपाहारगृह. सोमवारी तिथे पोंगल असतो, मुगाच्या मऊ खिचडीसारखा, वर तुपात तळलेले काजू. पहिला घाणा निघाला की वास गेटपर्यंत येतो. चार जण रांगेत होते. केळीची पानं हातात होती. मी मामांना सांगावं की नाही, या विचारात असताना समोर पांढरी गाडी येऊन थांबली.

गिरिधर सरांची गाडी. चालकाने हॉर्न दिला. दोनदा.

आणि मामांनी गेट उघडलं.

मी एका हाताच्या अंतरावर होते. मी सगळं पाहिलं. पहिल्या हॉर्नला त्यांचा हात किल्लीवर गेला. दुसऱ्याला कुलूप निघालं. डावं दार डाव्या हाताने, उजवं उजव्या. टाचा जुळल्या, सलाम झाला. रविकांतने झोपेत सलाम केला. पोंगलच्या रांगेतल्या चौघांनी तिथून केला, पानं डाव्या हातात घेऊन. गाडी आत आली. वीस वर्षं दोन हॉर्नला उघडलेलं गेट तिसऱ्या कुठल्या विचाराची वाट बघत नाही.

गाडी थांबली तेव्हा मामांचा हात अजून कपाळाशी होता. तो हळूहळू खाली आला. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

गिरिधर सर उतरले. खूश दिसले. "गुड मॉर्निंग. सगळे हजर? वा. टोप्या कुठे आहेत?"

टोप्यांच्या खोक्यांवर धनलक्ष्मी बसली होती. ती उठली नव्हती. तिने सलामही केला नव्हता. तिचं काम झडतीचं, गेट उघडायचं नाही. तिला ती सवयच नव्हती.

"उठ," सर म्हणाले.

"नाही सर."

"का?"

"आज बंड आहे." तिने मोगरा नीट केला. "तुम्ही आत यायचं नव्हतं. मामांनी उघडलं. त्याला मी काय करू?"

तेव्हा मामा हलले. ते गेटपाशी गेले, दोन्ही दारं ओढली, कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली आणि परत आले. गिरिधर सर आतच होते.

"आतां लावलें," मामा माझ्याजवळून जाताना पुटपुटले.

ज्याला बाहेर ठेवायचं तो आत आणि दार बंद. असलं बंड त्यांच्या पाच बोटांत बसत नव्हतं. पण ते मोडलेही नाहीत. त्यांनी आपली खुर्ची आणून सरांना दिली. निवेदन दोन्ही हातांनी पुढे केलं.

"राव, हे काय आहे?"

"निवेदन आहे सर. वाचावें. घाई नाहीं."

"आणि गेट बंद का?"

"तुम्ही सही करेपर्यंत."

"तुम्ही मला अडकवून ठेवलंय?"

मामांनी विचार केला. "होय सर. चहा सांगूं?"

सरांनी चहा घेतला. निवेदन वाचलं. ते वाचत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांची भुवई हलली, तो माझा परिच्छेद होता. मग त्यांनी फोन काढला आणि एजन्सीच्या अंबत्तूरच्या कार्यालयाला तीन वाक्यं सांगितली. मामांनी घड्याळ पाहिलं. फोन हिसकावून घ्यावा, असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

सत्तावीस मिनिटं गेट बंद होतं. त्या सत्तावीस मिनिटांत मामांनी गिरिधर सरांना वेल्लोर सांगितलं. सर आधी ऐकत नव्हते. आर्काटच्या घोडेस्वारांपाशी ऐकू लागले.

"मग ते आत कसे गेले?" त्यांनी विचारलं.

मामा सांगणार इतक्यात मागून व्हॅनचा आवाज आला. मागचं गेट उघडं होतं. आठ नवे वॉचमन उतरले, आठांच्या डोक्यावर गरुड. पोंगल खाणाऱ्या चौघांनी त्यांना बाजूला सरकून वाट दिली. मला वाटतं, एकाने व्हॅनलाही सलाम केला.

"असे," मामा सरांना म्हणाले.

मग त्यांनी रीतसर ताबा दिला. किल्ल्या, शिट्टी, काठी, टॉर्च. रजिस्टर उघडून शेवटची नोंद केली. मी ती पाहिली आहे. '७.३१. मागील द्वारानें व्हॅन आली. बंड समाप्त. सर्व सामान बरोबर.' खाली सही.

त्यांना त्याच दिवशी काढलं. बाकीच्यांनी माफीनाम्यावर सह्या केल्या. रविकांतने कशावर सही केली ते त्याला दुपारी कळलं. धनलक्ष्मीने सही केली नाही. तिला काढता आलं नाही, कारण झडतीला दुसरी बाई नव्हती. नव्या टोपीवर तिने मोगरा माळला.

दोन आठवडे मी सैदापेटला गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात विद्यालक्ष्मी मॅडमनी मला बोलावलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"एजन्सीला एक परिपत्रक लिहून हवंय. त्यांना भाषा जमत नाही. तू लिही."

परिपत्रक असं होतं: कापडाचा दर्जा समाधानकारक न आढळल्याने नवी टोपी मागे घेण्यात येत आहे. कपाळावरील खुणा, मिशी व फुलं यांबाबतच्या सूचना तूर्त स्थगित.

"कापडाचा दर्जा?" मी विचारलं.

"तसंच लिहायचंय."

"खरं काय झालं, मॅडम?"

त्यांनी दार लोटून घेतलं. खरं असं झालं होतं: व्हॅनच्या चालकाने ही गोष्ट अंबत्तूरला सांगितली, अंबत्तूरहून ती पेरुंगुडीला गेली, आणि आठवड्याभरात एजन्सीच्या चौदा ठिकाणच्या वॉचमननी टोपी 'धुवायला टाकली' होती. मोर्चा नाही, घोषणा नाही. टोप्या धुवायला. परदेशी कंपनीची माणसं आली तेव्हा त्यांना एकही गरुड दिसला नाही. मिशा मात्र त्यांना फार आवडल्या. त्यांनी फोटो काढले. गिरिधर सरांची कोइंबतूरला बदली झाली.

मी परिपत्रक लिहिलं. एकही विशेषण घातलं नाही. मग त्याची एक प्रत पर्समध्ये टाकून सैदापेटला गेले.

मामा दारात बसले होते. मामींनी त्यांना शेंगा सोलायला दिल्या होत्या. त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं. मग करंगळी वर केली.

"वेल्लोरनंतर हेंच जाहलें. टोपी मागें घेतली. चूक कोणीं मान्य केली नाहीं. गव्हर्नरास लंडनला परत बोलावलें." त्यांनी एक शेंग सोलली. "लंडनपेक्षां कोइंबतूर बरें. हवा चांगली आहे."

"तुमची नोकरी मात्र गेली."

"शिपायांचे प्राण गेले, ऊर्मीमा. मज स्वस्तांत पडलें."

आतून मामी म्हणाल्या, "त्यांस पडलें. मज विचारा."

मग मी सांगितलं. शनिवारचं, विद्यालक्ष्मी मॅडमचं, सगळं. सांगून खाली बघत बसले.

"त्यांनीं काय म्हटलें?" मामांनी विचारलं.

"त्यांना खरं वाटलं नाही."

मामा हसू लागले. मिशी हलली, खांदे हलले, शेंगांचं सूप हललं.

"वेल्लोरच्या त्या माणसासही वेडा ठरवला होता," ते म्हणाले. "बातमी फुटली आणि कोणीं ऐकली नाहीं. तुम्ही तर सगळें नीट केलें. बातमी फोडायचें काम आमच्या यादींत राहिलेंच होतें."

मामींनी मला शेंगा सोलायला बसवलं. तेवढीच शिक्षा झाली.

डिसेंबरात अण्णा नगरला, आमच्या घरापासून जवळच, एका कल्याणमंडपासमोरून जात होते. मुहूर्ताचा दिवस. दारात हे एवढं लाल पागोटं. वर तुरा. तुऱ्याखाली गंध, अंगाऱ्याची रेघ, अक्षता, आणि आभाळाकडे टोकं असलेली मिशी. मंडपवाल्याला असाच दरबारी दारवान हवा होता. कपाळ आणि मिशीसकट.

"मामा, पागोटं?"

"हें मी स्वतः बांधलें आहे. कोणीं हुकूम दिला नाहीं." त्यांनी तुरा चाचपून दाखवला. "आणि चामडें नाहीं. पाहून घ्या."

"मामी?"

"सुखी आहेत. मुहूर्ताच्या दिवसांत मी घरीं नसतों. बाकी दिवशीं त्या बहिणीकडे जातात."

तेवढ्यात मागे मोठी गाडी आली. नवऱ्या मुलाकडचं कुणीतरी असावं. चालकाने हॉर्न दिला. दोनदा.

मी मामांच्या हातांकडे पाहिलं. उजवा हात हलला. बोटं अडसरापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. ते समोर बघत उभे राहिले. गाडीने तिसऱ्यांदा हॉर्न दिला, लांबलचक. मामांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. नंबर वाचला. आतल्या माणसांकडे पाहिलं. त्यांच्या मनाला आलं तेव्हा गेट उघडलं.

"आतां तीन लागतात," ते मला म्हणाले. "सराव चालूं आहे. मार्चपर्यंत चारावर नेईन."